पुरलेल्या कार्डाचे गुरुवार

१

मेलेल्या माणसालाही वाढदिवसाची पत्रं येतात. दातांचा डॉक्टर पाठवतो, विमा कंपनी पाठवते, आणि बिलॉक्सीचे कॅसिनो तर कधीच विसरत नाहीत. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘सिल्व्हर पेलिकन’चं गुलाबी पाकीट ऑर्विल टॉलिव्हरच्या नावानं आलं, तेव्हा त्याची बायको व्हर्लीन रडली, पण दचकली नाही. दचकली ती आतला मजकूर वाचून.

‘प्रिय ऑर्विल, गेल्या गुरुवारी आपण आमच्याकडे येऊन गेलात, आनंद वाटला. आपल्या कार्डावर दोघांचं जेवण जमा आहे. पुढच्या खेपेला अवश्य घ्यावं.’

ऑर्विलला जाऊन दहा महिने झाले होते.

तिनं मला फोन केला. मॉस पॉइंटमध्ये आमची घरं एकाच गल्लीत, आणि चर्चमधल्या म्हाताऱ्यांच्या सहलींची यादी चाळीस वर्षं माझ्याच हातात, म्हणून कुणालाही काही झालं की पहिला फोन इमोजीनला.

“ते कार्ड मी माझ्या हातानं त्याच्या कोटाच्या खिशात ठेवलं होतं गं,” ती म्हणाली. “लाल दोरीसकट. शवपेटीत.”

हे मला ठाऊक होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते. कॅसिनोच्या मशीनमध्ये घातलं की खेळाची नोंद ठेवणारं ते कार्ड ऑर्विल दोरीनं शर्टाच्या बटणाला अडकवत असे आणि घरी आल्यावरही काढायला विसरत असे. व्हर्लीन त्याला म्हणायची, “हे घेऊनच पुरते तुला.” तिनं शब्द पाळला होता.

मग एकच अर्थ उरत होता. कुणीतरी पेटीत हात घातला होता.

पुढच्या तीन आठवड्यांत व्हर्लीन शेरीफकडे गेली. तो म्हणाला, “बाई, कार्ड वापरलं म्हणून कुणाला पकडू?” ती कॅसिनोत गेली. कॅमेऱ्यांची चित्रं ते पंधरा दिवसांत पुसून टाकतात. मग ती थॅडियस प्रूइटच्या दारात उभी राहिली. प्रूइट म्हणजे आमच्या गावाची तीन पिढ्यांची अंत्यविधी करणारी माणसं. भर दुपारी, रस्त्यावर माणसं असताना तिनं विचारलं, “माझ्या नवऱ्याच्या अंगावरून आणखी काय काय काढलंत? अंगठी? दात?”

त्यानंतर दोन कुटुंबांनी आपली मयतं पास्कागुलाच्या दुसऱ्या माणसाकडे नेली.

आणि शेवटी ती न्यायाधीशाकडे गेली. कबर उघडून बघायची परवानगी मिळाली. दिवस ठरला, येणारा सोमवार.

रेव्हरंड होझीया टॉलिव्हर तिच्या घरी तीनदा गेले. ते आमचे पाळक, आणि ऑर्विलचे थोरले भाऊ. “त्याला निजू दे, व्हर्लीन,” ते हात जोडून म्हणाले. पण व्हर्लीनचं हृदय आधीच दुबळं. तिनं मला सांगितलं, “त्याला तसा बघून मी तिथंच पडले तरी चालेल. पण त्याला लुबाडलेला ठेवून मी जगणार नाही.”

डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं, की ती तिथंच पडेल.

२

मंगळवारी आमची सहल होती. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही बावीस म्हातारे बसनं बिलॉक्सीला जातो. आधी समुद्रकाठचा रस्ता, मग रस्त्याच्या मधोमध उभ्या त्या पांढऱ्या दीपगृहापाशी थांबून पाय मोकळे करणं, कुणाला हवं तर बेटावर जाणारी बोट, आणि अकरा वाजता सिल्व्हर पेलिकन. व्हर्लीन अर्थातच आली नाही. तिच्या जागेवर अल्बर्टा नेटल्स येऊन बसली.

अल्बर्टा म्हणजे सुकलेली, सरळ पाठीची, बहात्तर वर्षांची बाई. बावीस वर्षं तिनं सिल्व्हर पेलिकनमध्ये स्लॉट मशीनच्या रांगांतून फिरायचं काम केलं. मशीन अडकलं की उघडायचं, कुणी जिंकलं की हसायचं, कुणी हरलं की पाण्याचा ग्लास द्यायचा. बसायच्या पद्धतीवरून ती माणूस ओळखते. मीच तिला म्हटलं होतं, सोमवारच्या आत काही कर.

“ऑर्विलची जागा कुठली?” तिनं बस सुटताच विचारलं.

“माशांचं मशीन. आतल्या कारंज्यामागचं, रांगेतलं शेवटचं. दुसरीकडे कधी बसला नाही.”

“आणि हे कुणाकुणाला माहीत?”

“या बसमधल्या सगळ्यांना.” मग मी म्हटलं, “आणि तो तमाशा ज्यांनी पाहिला त्यांना.”

तो तमाशा तीन वर्षांपूर्वीचा. रेव्हरंड जुगाराविरुद्ध नेहमीच बोलत, पण त्या मंगळवारी ते स्वतःच्या गाडीनं आमच्या मागोमाग आले, थेट माशांच्या मशीनपाशी गेले आणि सख्ख्या भावासमोर उभे राहून त्यांनी प्रवचन सुरू केलं. रेव्हरंडांचं प्रवचन ज्यानं ऐकलं नाही त्याला मी काय सांगू! ते आधी नुसतं बोलतात, अगदी भाजीवाल्याशी बोलावं तसं. हळूहळू आवाजाला पाय फुटतात. ऑर्गनवाला त्यांच्या वाक्यांचं शेपूट धरून मागं मागं येतो, आणि मग एका क्षणी शब्द बोलायचे थांबतात नि गाऊ लागतात, आणि बाकांवर बसलेली आम्ही माणसं उभी कधी राहिलो तेच आम्हाला कळत नाही. एकतीस वर्षं दर रविवारी मी त्या आवाजावर आठवडा काढला आहे. माझा मुलगा गेला तेव्हा त्याच आवाजानं मला घरातून बाहेर काढलं.

पण त्या दिवशी ते गाणं ऑर्विलच्या तोंडावर बसलं. लोक मोबाइल काढून उभे राहिले. ऑर्विल उठला, बसमध्ये जाऊन बसला. पुढच्या रविवारी रेव्हरंडांनी त्याचं डीकनपद, म्हणजे चर्चच्या सेवकाचा मान, काढून घेतलं. त्यानंतर भावाभावांत एक शब्द नाही. ऑर्विल एकोणीस दिवस बिलॉक्सीच्या इस्पितळात होता, तेव्हाही नाही.

“हं,” अल्बर्टा म्हणाली. तिची नजर ड्रायव्हरच्या पाठीवर होती. “वेंडेल, तू पेटीला खांदा दिला होतास ना?”

वेंडेल आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, “दिला होता. बंद पेटीला. आणि सिस्टर अल्बर्टा, सरळ विचारा ना. अख्खं गाव विचारतंय. हा वेंडेल दर महिन्याला कॅसिनोच्या दारात बस लावून बसतो, यानंच मारलं असेल कार्ड.”

“मारलंस?”

“गुरुवारी सकाळी मी किडनीवाल्या पेशंटांची गाडी चालवतो. सहा माणसं. त्यांना वाऱ्यावर सोडून मासे खेळायला जाऊ?”

मागच्या बाकावरून व्हर्लीनची धाकटी बहीण जुनेल ओरडली, “माझं नाव घ्या ना आता! मी वाट बघतेय. कार्ड खिशात ठेवताना मी होते. मशीनचं वेड मला आहे. आणि पेटीतल्या माणसाचे केस मी विंचरले होते.”

“तुझं नाव मी कधीच खोडलं,” अल्बर्टा म्हणाली.

“का? मी काय इतकी सज्जन दिसते?”

“नाही. त्या कार्डावरची दोघांची जेवणं अजून तशीच आहेत. तुझ्या हातात कार्ड असतं तर तू पहिल्याच दिवशी जेवून, डबा बांधून आणला असतास.”

सगळी बस हसली. जुनेलही हसली, पण मग डोळे पुसू लागली. “सोमवारी मी तिच्यासोबत कबरीवर जाणार नाही हं,” ती म्हणाली. “मला नाही बघवणार. आणि ती एकटी गेली तर... कुणीतरी सांगा तिला.”

३

कॅसिनोत शिरल्यावर बाकीचे आपापल्या मशीनकडे पांगले. अल्बर्टा मला घेऊन कार्डांच्या खिडकीपाशी गेली. तिथं तिची जुनी सोबतीण होती, ग्लेनिस. व्हर्लीननं वारस म्हणून अर्ज केलाच होता. कार्ड कधी, कुठं चाललं त्याचे छापलेले कागद तयार होते.

“पहिली गोष्ट सांग,” अल्बर्टा तिला म्हणाली. “ऑर्विलनं दुसरं कार्ड कधी काढलं होतं? हरवलं म्हणून, बायकोसाठी म्हणून?”

ग्लेनिसनं पाहिलं. “कधीच नाही. आठ वर्षांत एकच कार्ड. तेच चालतंय.”

म्हणजे पेटीतलंच.

आम्ही बुफेच्या बाहेर बाकावर बसलो. अल्बर्टानं कागद मांडीवर पसरले आणि एकेक ओळीवरून बोट फिरवलं. आत कुठंतरी घंटा वाजत होत्या, कुणीतरी जिंकत होतं.

“हे बघ,” ती शेवटी म्हणाली. “पहिला दिवस अंत्यविधीनंतर नऊ दिवसांनी. सगळे गुरुवार. सगळ्या वेळा साडेदहा ते बारा. एकच मशीन, कारंज्यामागचं.”

“माशांचं.”

“आणि हे बघ मुख्य. दीड तास कार्ड आत, आणि बटण दाबलंय अकरा वेळा.” तिनं चष्मा काढला. “इमोजीन, दीड तासात माणूस हजार वेळा दाबतो. जुनेल दोन हजार. हा सात-आठ मिनिटांनी एकदा दाबतो. तेही सगळ्यात लहान डाव. बावीस वर्षांत असा जुगारी मी पाहिला नाही.”

“म्हणजे खेळायला येतच नाही तो?”

“नाही.”

“मग दाबतो तरी कशाला?”

ती उठली, मला कारंज्यामागं घेऊन गेली आणि माशांच्या मशीनमध्ये स्वतःचं कार्ड घातलं. पडद्याच्या वरच्या पट्टीवर अक्षरं उजळली, ‘अल्बर्टा, पुन्हा भेट झाली, आनंद वाटला. तुमची उणीव भासत होती.’ तिनं हात मांडीवर ठेवले. आम्ही दोघी निळ्या पाण्यातले मासे बघत राहिलो. काही मिनिटं गेली. मग नाव मावळलं आणि त्या जागी खेकड्यांच्या मेजवानीची जाहिरात आली.

अल्बर्टानं एकदा बटण दाबलं. नाव परत उजळलं.

मी पुढं वाकून ते पुन्हा वाचलं.

“चोराला पैसा हवा असतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “नाहीतर जेवण. या माणसाला पडद्यावर नुसतं ‘ऑर्विल’ हवं होतं.”

दुपारी परतताना तिनं वेंडेलला दीपगृहापाशी बस पुन्हा थांबवायला लावली. बाकीच्यांनी पोबॉय, म्हणजे कोळंबी भरलेले लांब पाव, घेतले. ती एकटीच कठड्याला टेकून कागद वाचत होती. मी जवळ गेले तर तिनं बोटानं दोन रिकाम्या जागा दाखवल्या.

“दहा महिन्यांत दोनच गुरुवार चुकलेत. एक एप्रिलमधला, ईस्टरच्या आदल्या आठवड्यातला. एक ऑगस्टमधला. ऑगस्टच्या त्या आठवड्यात काय होतं, आठव.”

मला आठवावं लागलं नाही. ऑगस्टमध्ये आमच्या चर्चचा जागृती सप्ताह असतो, रोज सकाळ-संध्याकाळ प्रवचन.

“मग काय!” मी म्हटलं. “आपल्याच चर्चमधला कुणीतरी. आपल्यातलीच ऐंशी माणसं त्या आठवड्यात कामं सोडून येतात.”

“ऐंशी,” ती म्हणाली. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

४

बुधवारी सकाळी आम्ही प्रूइटांकडे गेलो. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या रांगेत लावलेल्या, फुलं ताजी, आणि माणूस एकही नाही. थॅडियस काळ्या कोटात एकटाच बसला होता.

“पन्नास वर्षं,” तो म्हणाला, “मी या गावाची माणसं धुतली, कपडे चढवले. तुझा मुलगा, इमोजीन. तो पुरात सापडला होता तेव्हा तुला बघू दिलं नाही मी. का ते तुला माहीत आहे. आणि आज पोरं मला बघून खिसे दाबतात.”

मी त्याचा हात धरला.

अल्बर्टानं विचारलं, “थॅडियस, रागावू नकोस. व्हर्लीननं कार्ड ठेवलं तिथपासून झाकण बंद होईपर्यंत काय काय झालं, मला सांग. एकेक पाऊल.”

“शेवटचं दर्शन झालं. घरची माणसं रडत होती. मी त्यांना बाहेर पोर्चमध्ये नेलं, ती आमची पद्धत आहे, झाकण बंद होताना घरच्यांनी बघायचं नाही. मग गाड्या ओळीत लावायला मी पुढं गेलो. चार-पाच मिनिटांत आलो, आतलं कापड दुमडलं, झाकण बंद केलं, किल्ली फिरवली. ती किल्ली आजही माझ्याकडे आहे.”

“कापड दुमडताना कार्ड दिसलं?”

“मी मयताच्या खिशात बघत नाही, अल्बर्टा.”

“आणि त्या चार-पाच मिनिटांत खोलीत कोण होतं?”

“कुणी नाही.”

“दार उघडं होतं?”

“बंद. बाहेर माझा भाचा उभा होता. आत कुणी गेलं नाही, बाहेर कुणी आलं नाही. म्हणून तर सगळे मलाच धरतात ना! दुसरं कुणी नव्हतंच तिथं.”

अल्बर्टा उठली, दारापर्यंत गेली, परत वळली. “थॅडियस, खोली रिकामी होती? मयताला तू एकटं सोडलंस?”

तो दुखावला. “एकटं कसं सोडेन? आमच्याकडे मयत एकटं राहत नाही. रेव्हरंड होते ना.”

“तू म्हणालास कुणी नव्हतं.”

“अगं, रेव्हरंड होते म्हणजे...” तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. “ते प्रार्थना करत होते. ते नेहमीच असतात. ते काय कुणी आहेत?”

५

माझ्या पोर्चमध्ये मी अल्बर्टाला बसायला सांगितलं नाही. ती आपणहून बसली.

“नाही,” मी म्हटलं.

“मी अजून काही बोललेच नाही.”

“बोलू नकोस. त्या माणसाच्या तोंडून देव बोलतो. मी ऐकलंय.”

“मीही ऐकलंय. म्हणून तर काल दीपगृहापाशी गप्प बसले.” तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. “इमोजीन, मला चूक दाखव. मी आनंदानं घरी जाईन. कार्ड ठेवल्यानंतर पेटीजवळ एकटं कोण राहिलं? ऑर्विलचं मशीन माहीत असलेला, पण मंगळवारच्या बसमध्ये कधीच न बसणारा कोण? दर गुरुवारी सकाळी बिलॉक्सीच्या इस्पितळात पेशंटांना भेटायला कोण जातं? चर्चमधली ऐंशी माणसं जागृती सप्ताहाला येतात, पण त्यातली निम्मी तरी गुरुवारी सकाळी कामावर असतात. तो आठवडा चुकवणं ज्याला शक्यच नाही, असा माणूस एकच.”

“आणि कबर उघडू नको म्हणून तीनदा गेला कोण,” माझ्याच तोंडून निघालं. मी तोंडावर हात ठेवला.

समोरून व्हर्लीन किराणा घेऊन गेली. तिनं हात केला. तिचे पाय सुजले होते.

“उद्या गुरुवार आहे,” मी म्हटलं. “नुसतं जाऊन बघितलं असतंस तरी कळलं असतं. एवढा खटाटोप कशाला केलास?”

“न कळता गेले असते तर शेरीफला घेऊन गेले असते. नाहीतर जुनेलला. म्हणजे गावालाच.” ती उठली. “आता कुणाला न्यायचं ते मला माहीत आहे. एकटी व्हर्लीन. आणि तू.”

“मी कशाला?”

“ती पडली तर धरायला. आणि तो पडला तरी.”

६

व्हर्लीनला आम्ही नाव सांगितलं नाही. माझ्या गाडीत ती मागं बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. पूल ओलांडताना तिनं एकदाच विचारलं, “माझ्या ओळखीचा आहे?” अल्बर्टा म्हणाली, “हो.” व्हर्लीन खिडकीतून समुद्राकडे बघू लागली.

पावणेअकरा वाजले होते. कारंज्यामागं, शेवटच्या मशीनपाशी एक उंच, वाकलेला माणूस बसला होता. अंगात साधा तपकिरी सदरा, डोक्यावर कोळंबी पकडणारे घालतात तसली जुनी टोपी. दोन्ही हात मांडीवर. लाल दोरी त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाला अडकवलेली होती.

व्हर्लीन सरळ चालत गेली. मी धरायला हात पुढं केला तो तिनं झिडकारला. पडद्यावर नवऱ्याचं नाव उजळलेलं तिनं वाचलं, आणि मग टोपीखाली पाहिलं.

“रेव्हरंड?” ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली. उठायला गेले तर दोरीनं त्यांना मागं खेचलं.

व्हर्लीन शेजारच्या खुर्चीत बसली. “होझीया,” ती म्हणाली. चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून ते नुसतं नाव ऐकलं नव्हतं. “तू त्याच्या अंगावरून काढलंस?”

“जुगाराचं कार्ड घेऊन त्यानं देवासमोर उभं राहू नये म्हणून,” ते म्हणाले. “तोडून फेकणार होतो. कात्री हातात घेतली होती, व्हर्लीन. नाही तोडवलं. मग एका गुरुवारी वाटलं, इथंच परत देऊन टाकू. खिडकीपाशी रांग होती. मला राहवलं नाही, मशीनमध्ये घातलं. आणि त्यावर... त्यावर त्याचं नाव आलं. उणीव भासत होती, असं आलं.” त्यांनी डोळे मिटले. “मी ते कधी म्हटलं नव्हतं.”

“थॅडियसचं दुकान बसलं. मी त्याला भर रस्त्यात चोर म्हटलं. तू ऐकलंस. आणि मला म्हणालास, त्याला निजू दे.”

“हो.”

“सोमवारी मी त्याला उकरणार होते.”

“रविवारी सांगणार होतो. देवाशपथ. मंचावर उभा राहून, सगळ्यांसमोर. हे पद सोडतो म्हणून सांगणार होतो.”

“नाही,” व्हर्लीन म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. मी इतकी जवळ होते म्हणून ऐकू आलं.

“रविवारी सांगितलंस तर तू ते गाशील. आधी हळू सांगशील, मग ऑर्गनवाला मागं येईल, मग तुझं दुःख गाऊ लागेल, आणि सगळे उभे राहून रडतील. ही इमोजीन सगळ्यात आधी रडेल. मीही रडेन. आणि रडता रडता तुला माफ करून टाकू, आणि आम्हाला कळणारही नाही की आम्ही काय माफ केलं. तसं नको मला. इथं सांग. मला एकटीला. साध्या आवाजात, न गाता. तो एकोणीस दिवस इस्पितळात होता. दार वाजलं की तो बघायचा. तू कुठं होतास?”

रेव्हरंडांनी श्वास घेतला. मी तो श्वास ओळखते. प्रवचनाच्या आधीचा, खोल. पण पुढं काही आलं नाही. त्यांचे ओठ हलले, थांबले. ज्या माणसाला मी कधी शब्दासाठी अडताना पाहिलं नाही, तो जत्रेत हरवलेल्या मुलासारखा इकडंतिकडं बघू लागला.

“दोनदा आलो,” ते शेवटी म्हणाले. “खाली गाडीत बसलो. एकदा तासभर. एकदा जास्त. मला वाटलं, मी आत गेलो तर तो विचारेल, माझं डीकनपद का काढलंस. आणि माझ्याकडे उत्तर होतं. ते पाठ होतं. ते मला सांगायचं नव्हतं.” ते थांबले. “तिसऱ्यांदा वर आलो. दारापर्यंत. सोमवारी.”

“मग?”

“आतून हसण्याचा आवाज आला. त्याचा आणि नर्सचा. मला वाटलं, हसतोय म्हणजे बरा आहे. उद्या येऊ. मी परत गेलो.”

मंगळवारी पहाटे ऑर्विल गेला होता.

व्हर्लीन त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, “तो तुझी नक्कल करत होता.”

“काय?”

“नर्सला दाखवत होता. म्हणाला, माझा भाऊ प्रवचन करतो, ऐक. आणि तुझ्या आवाजात गायला लागला. उठून बसवत नव्हतं, तरी हात वर केला, तुझ्यासारखा. मग खोकला लागला, मग हसायला लागला. म्हणाला, सगळ्या मिसिसिपीत असा दुसरा नाही.”

रेव्हरंडांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. रडण्याला सूर असतो, माणूस नकळत लावतो. त्यांच्या रडण्याला तो नव्हता. कोरडा, तुटका आवाज, एखादं जड सामान फरशीवरून ओढावं तसा. एकतीस वर्षांत त्यांनी मला पुष्कळ ऐकवलं होतं. हे ऐकायची माझी तयारी नव्हती. पुढच्या रांगेतली एक बाई वळून बघू लागली, तेव्हा अल्बर्टा जाऊन मधे उभी राहिली, पूर्वी उभी राहायची तशी, पाण्याचा ग्लास हातात घेऊन.

व्हर्लीननं त्यांना हात लावला नाही. पण ती उठलीही नाही. ते थांबेपर्यंत बसून राहिली. मग तिनं त्यांच्या बटणाची दोरी स्वतः सोडवली आणि म्हणाली, “आता थॅडियसकडे जा. आत्ता. त्यालाही असंच सांग. त्याच्या पोर्चमध्ये, लोक बघत असताना.”

“हो,” ते म्हणाले.

“आणि त्यानं तुला दाराबाहेर काढलं तर बाहेर उभा राहा.”

बाहेर ऊन होतं. समुद्रावरून वारा येत होता, गाड्यांची छपरं तापली होती. व्हर्लीन माझ्या गाडीच्या सावलीत उभी राहिली आणि तिनं न्यायालयाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडची मुलगी मोठ्यानं बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं.

“सोमवारचा अर्ज मागं घ्यायचाय,” व्हर्लीन म्हणाली. “टॉलिव्हर. हो, कबरीचा.”

“कारण लिहावं लागतं, बाई. चोर सापडला का?”

व्हर्लीननं कॅसिनोच्या दाराकडे पाहिलं. रेव्हरंड बाहेर आले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती, आणि आपली गाडी कुठं लावली ते त्यांना आठवत नसावं, ते दोन पावलं इकडं जात होते, दोन तिकडं.

“बाई? काय लिहू?”

“चोर नव्हता,” व्हर्लीन म्हणाली. “घरचं माणूस होतं, असं लिहा.”